उरलेल्या अन्नाची खतावणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मागच्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात मी घरात एक वाक्य बोललो. ते बोलायला नको होते.

आमच्याकडे श्रीगुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणात पाचव्या दिवशी ३६ ते ३८ हे अध्याय येतात. ज्यांनी पारायण केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. छत्तिसाव्यात परान्नाच्या हट्टाची कथा, अडतिसाव्यात भास्कर ब्राह्मणाची. तिघांपुरता शिधा घेऊन गाणगापुरास आलेला गरीब माणूस, आणि महाराजांच्या कृपेने त्याच शिध्यात चार हजार माणसे जेवली. दरवर्षी इथे माझा गळा दाटून येतो. पोथी बांधून ठेवली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तो ओल्या कचऱ्याच्या बादलीकडे नजर गेली. चार पोळ्या, वाटीभर भात, आणि मेथीची अख्खी जुडी, पिवळी पडलेली.

मी म्हणालो, "सूनबाई, तुमच्या माहेरी हे चालत असेल. आमच्या घरात अन्न टाकायची रीत नाही."

ती "बरं बाबा" म्हणाली आणि बादलीवर झाकण ठेवले. रात्री जेवायला बसली नाही. भूक नाही म्हणाली. मी पारायण करणारा माणूस, सोवळ्यातला, मला त्या रात्री माझेच बोलणे पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग दिवा मालवताना म्हणाली, "धुळ्याला नऊ वर्षं मी ह्याच हातांनी स्वयंपाक केला. तिथं माझ्या हातून काही वाया जात नव्हतं. इथं आल्यापासून जातंय, तीस वर्षं. सूनबाई तर परवा परवा आली. मग रीत कुणाची बिघडली? आणि ती मेथी कुणी आणली होती?"

मेथी मी आणली होती. तीन जुड्या.

मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली, २०१९ साली निवृत्त झालो. मला एकच विद्या येते, ती म्हणजे नोंद करायची आणि संध्याकाळी मेळ घालायचा. म्हणून ह्या विषयावर लिहिताना उपदेश करणार नाही, हिशेब मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

धुळ्याचे जुने लोक जाणतात की आपल्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत. इंग्रजी अमलाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्ज यांनी पेठ आखून वसवली, त्या आखणीतले हे सरळ रस्ते. आमचे घर अशाच एका नंबराच्या गल्लीत, आग्रा रोडपासून चालत पाच मिनिटांवर. पुढे ओटा, मधे चौक, मागे मोरी. सकाळी सातला भाजीवाली टोपली घेऊन यायची, दुपारी चारला दुसरी. आई पावशेर वांगी, चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या एवढीच खरेदी करायची, कारण घरात फ्रिज नव्हता आणि संध्याकाळी पुन्हा दारात भाजी येणारच होती. पहिली पोळी गायीची. ती गाय काही चित्रातली नव्हती, अगदी ठरावीक वेळेला ओट्याला तोंड लावून उभी राहायची आणि उशीर झाला तर हंबरायची. समोरच्या घरातल्या आजलमाय मला हाक मारून सांगत, "आंडोर, ही पोयी गायले दी ये." शेवटचा तुकडा कुत्र्याचा. बकरीवाली भाजीची साले न्यायची. कुणाकडे शेवेची भाजी जास्त झाली तर वाटी शेजारी जायची, आणि वाटी रिकामी परत पाठवायची नाही हा नियम, म्हणून दोन दिवसांनी त्यात काहीतरी घालूनच ती परत यायची. खान्देशात लग्नाआधी बिबड्या घालायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमत. कुणाच्या घरात किती पीठ उरले ते सगळ्यांना दिसत असे.

दिसत असे, हे महत्त्वाचे. मोरीत भात सांडलेला दिसला तर आजलमाय काही बोलत नसत. नुसत्या बघत. तेवढे पुरे व्हायचे.

त्यात काळही तसा. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री एक वेळ उपास करायला सांगितले होते, ते आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे चालले. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. रेशनची मिलो ज्वारी, तिची ती लालसर भाकरी, आणि शाळेत मिळणारी सुकडी. ज्या पिढीने मिलो खाल्ली तिला ताटात टाकायला शिकवावे लागत नाही आणि न टाकायलाही शिकवावे लागत नाही. पण माझा मुलगा १९८७ चा. त्याला मिलोची गोष्ट सांगितली की तो नम्रपणे ऐकतो आणि मोबाइल बघतो. त्याचाही काही दोष नाही.

१९९४ साली माझी बदली जळगावला झाली. पुढे महाबळकडच्या एका कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात जळगावने आपली ओळख करून दिली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सकाळचे वरण दुपारी दोनला आंबते. म्हणून फ्रिज आला. फ्रिज आला म्हणून रोजची भाजी बंद झाली. मी बँकेतून येताना स्कूटरवर भाजी बाजारात जायचो, संध्याकाळी सातनंतर भाव उतरतो, तेव्हा दहा रुपयांत एकाऐवजी तीन जुड्या. घरी आलो की मी विजयी वीर. आता फ्रिजमध्ये मागच्या बाजूला एक खण असतो, त्यात गेलेली वस्तू पुन्हा दिसत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते बुडीत खाते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची गोष्ट यदुराजाला सांगतो. त्यातली मधमाशी आपल्याला पाठ आहे. साठवते, साठवते, आणि शेवटी तिचा साठा दुसराच घेऊन जातो. संन्याशाने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये असा बोध तिच्याकडून त्याने घेतला. आपण संन्यासी नाही, प्रपंची माणसाला साठवावे लागते, हे मान्य. पण मला ह्या वर्षी त्या चोवीस गुरूंच्या यादीत वेगळीच गोष्ट दिसली. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, मासा, बांगड्या काढणारी मुलगी. अवधूत कुठल्या आश्रमात शिकायला गेला नाही. जे आजूबाजूला होते तेच त्याला शिकवत होते. मग आपल्याही आजूबाजूला जे आहे ते आपल्याला रोज काहीतरी शिकवत असणारच, आपण शिकायला बसलो असू किंवा नसू. धुळ्याच्या गल्लीत गाय, बकरीवाली आणि आजलमाय शिकवत होत्या. कॉलनीत कोण शिकवते?

कॉलनीत दारे बंद असतात. वाटी जात नाही. एकदा सौ.ने वरच्या मजल्यावर पातोडीची भाजी पाठवली. त्यांनी गोड शब्दांत घेतली, पण मग आमच्या लक्षात आले की त्यांच्याकडे कुणाला तिखट चालत नाही, कुणाचे पथ्य, कुणाचा उपास. पुन्हा पाठवायची हिंमत झाली नाही. खाली कुत्र्यांना पोळी घातली तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, आणि ज्यांची नातवंडे खाली खेळतात त्यांचे म्हणणे खोटे नाही. गाय येते, पण ती प्लास्टिकच्या पिशवीसकट खाते हे बघितल्यापासून मी पिशवी बांधून कोपऱ्यावर ठेवणे बंद केले. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी पिशवी काही पूर्ण गेली नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सौ. उरलेली भाजी द्यायची. एक दिवस त्यांनी सरळ सांगितले, "वहिनी, द्यायचं तर ताजं द्या, उरलेलं नको. माझ्या पोरी विचारतात, आपण काय उकिरडा आहोत का." सौ. त्या दिवशी फार खजील झाली. मावशींचे बरोबर होते. उरलेले देऊन आपण पुण्य लिहून घेत होतो.

राहिली घंटागाडी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा ठरला, ते चांगलेच आहे. आमची हिरवी बादली झाकणाची. सकाळी गाणे वाजत गाडी येते, बादली उपडी होते, बादली रिकामी, मनही रिकामे. त्या बादलीत काय गेले ते कुणी पाहत नाही. शेजारी पाहत नाही, मी स्वतः पाहत नाही. सोसायटीत काही जणांनी मिळून खताचा पिंप बसवला, तेव्हा तर आम्ही आणखी निर्धास्त झालो. खत होतेय ना! जणू पोळी खतासाठीच लाटली होती.

आजूबाजूचा माणसावर किती परिणाम होतो ह्याचा एक प्रयोग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात केला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. सायकली लावायच्या एका बोळात प्रत्येक सायकलच्या हँडलला जाहिरातीचा कागद अडकवला. जवळपास कचरापेटी नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा शंभरात ३३ जणांनी कागद तिथेच टाकला. भिंतीवर रंगाने गिरगटून ठेवले, बाकी काहीही बदलले नाही, तर ६९ जणांनी टाकला. शहर तेच, बोळ तोच. ती काही निराळी माणसे नव्हती. ह्यातून भिंतीची ताकद कळते.

आणि हे श्रीमंतांचे दुखणे असेल असे वाटत असेल तर तेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेचा २०२४ चा अहवाल म्हणतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले साठ टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही, घरांतून. जगाची सरासरी माणशी वर्षाला ७९ किलो, भारताचा अंदाज ५५ किलो. त्यात साले, देठ, कोया धरलेल्या आहेत. श्रीमंत आणि मध्यम देशांतल्या घरांत फरक फार थोडा. दक्षिण कोरियात २००५ पासून अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे, आणि २०१३ पासून तो वजनावर पैसे घेऊन उचलतात. अनेक इमारतींच्या खाली पेटी आहे, कार्ड लावले की झाकण उघडते, कचरा टाकला की आकडा दिसतो. म्हणजे तिथे आजलमायच्या जागी काटा बसवला. आपल्याकडे लांब कशाला, आग्रा रोडने सरळ वर गेले की इंदूर. तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. फार मोठे काम. पण गॅस झाला तरी पोळी ती पोळीच होती, एवढे मनात येतेच.

असो. सौ.च्या त्या प्रश्नानंतर मी वही घातली. स्वयंपाकघरात काटा होताच. रकाने पाच: तारीख, काय, किती ग्रॅम, कुणी आणले किंवा केले, का उरले. साले-देठ धरायचे नाहीत, फक्त खाण्याजोगे. घरात आम्ही पाच जण, त्यात नातू सहा वर्षांचा. सूनबाईला मी काही सांगितले नाही. तिला वाटले असणार की आता सासरा तिच्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय. खरे तर पहिल्या दोन दिवशी माझ्या मनात तसेच काहीसे होते, हे ह्या अंकात लिहिताना लपवत नाही.

पहिल्या महिन्याचा मेळ लागला, साडेनऊ किलो. बाराने गुणले तर ११४ किलो, एक क्विंटलच्या वर. खान्देशात क्विंटल म्हटले की पोत्याचा आकार डोळ्यांपुढे येतो. तेवढी ज्वारी डोक्यावर घेऊन जिना उतरायचा आणि गाडीत ओतायची.

चौथ्या रकान्यात निम्म्याच्या आसपास नोंदी "मी" अशा निघाल्या. मेथी मी. पालक मी. पेढ्यांचा पुडा मी, कुठल्या तरी दर्शनाहून. टोमॅटो दोन किलो, स्वस्त मिळाले, मी. सूनबाईच्या नावावर मुख्यतः पोळ्या होत्या, आणि पाचव्या रकान्यात कारण, "ह्यांनी बाहेर खाल्ले, फोन केला नाही." म्हणजे त्या पोळ्या खरे तर माझ्या मुलाच्या नावे पडायला हव्या होत्या. यावल तालुक्यातून आमचे एक नातेवाईक दरवर्षी केळीचा अख्खा घड पाठवतात. धुळ्याला तासाभरात गल्लीत वाटला गेला असता. इथे दोन फण्या खाल्ल्या, बाकी काळ्या पडल्या. सव्वादोन किलो, एका नोंदीत.

चैत्रात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही दोघे पंधरा दिवस धुळ्याला जुन्या घरी जाऊन राहिलो. मी वही बरोबर घेतली होती. गल्ली आता निम्मी दुकानांची झाली आहे, आजलमाय जाऊन वर्षे झाली. तरी हातगाडी दोनदा येते, गाय येते, वहिनी अजून पावशेराच्या हिशेबानेच भाजी घेते. आणि वहीची पाने जवळजवळ कोरी राहिली. दोनदा वरण आंबले तेवढे. सौ. तीच, मी तोच. माझा सिद्धांत सिद्ध झाला म्हणून मी खूश. आता विशेषांकासाठी लेख लिहायचा, "गल्ली आणि कॉलनी", असे मनात ठरवूनही टाकले.

सातव्या की आठव्या दिवशी सकाळी लवकर उठलो. वहिनी ओट्याजवळ एकटी बसून रात्रीच्या पोळ्या चहात बुडवून खात होती. पाच माणसांच्या उरलेल्या तीन पोळ्या. मी विचारले, "वहिनी, रोज?" ती हसली. "मग भाऊजी, कोण खाणार?"

मी सौ.ला विचारले, "तूसुद्धा? ती नऊ वर्षं?"

ती म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं?"

आईसुद्धा. मला एकदम आठवले, आई कधी आमच्याबरोबर जेवली नाही. सगळ्यांचे झाल्यावर ती काय वाढून घ्यायची ते मी आयुष्यात पाहिले नाही. गल्लीच्या खतावणीत शिल्लक शून्य दिसत होती, कारण ती शिल्लक घरातल्या बाईच्या पोटात जात होती. कधी आंबलेली, कधी विटलेली. पोटदुखीसाठी आई नेहमी ओवा खायची, त्याचे कारण आम्ही कुणी शोधले नाही. म्हणून जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी, त्यात मी पहिला, जरा जपून म्हणावे. गाय आणि शेजार खरे होते, पण ताळेबंदात एक खाते आम्ही दाखवलेच नव्हते.

जळगावला परत आल्यावर एका रविवारी सगळे बसलेले असताना मी वही उघडली आणि चौथा रकाना मोठ्याने वाचला. "मी, मी, मी" असे बरेचदा आले तेव्हा नातू हसायला लागला. मग सूनबाईला म्हणालो, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "बाबा, मेथीचं काही नाही. पण तुम्ही माहेर काढलंत."

मी म्हणालो, "मग सांग, तुमच्याकडे कसं असतं?"

तिचे माहेर चोपडा तालुक्यात, शेतकरी घर. इतक्या वर्षांत मी हे तिला विचारले नव्हते. तिने सांगितले की त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारालाच गोठा. चुलीशेजारी एक घमेले असते. उरलेला भात, वरणाचे पाणी, पोळ्या, साले, सगळे त्या घमेल्यात. दिवस मावळताना तिची आई ते म्हशीपुढे ठेवते. त्यांच्याकडे ते टाकणे नसते, म्हशीला वाढणे असते. कुणाला शिळे खावे लागत नाही, तिच्या आईलाही नाही. लग्न होऊन ती इथे आली, सिंकशेजारी बादली होती, हाताला सवय होती. हात बादलीकडे गेला. बादलीच्या पलीकडे म्हैस नव्हती, एवढाच फरक झाला.

मी ज्या रीतीला नावे ठेवली ती आमच्या घरच्या रीतीपेक्षा चांगली होती.

त्यानंतर आम्ही घरात काय केले ते थोडक्यात सांगतो. फार मोठे काही नाही. माझी स्कूटरवरची बाजारहाट सूनबाईने बंद केली. मी आता संध्याकाळी चालत कोपऱ्यावरच्या हातगाडीपर्यंत जातो, हातात लहान कापडी पिशवी, तिच्यात मावेल तेवढेच. महाग पडते असे मला पहिला महिना वाटत होते, वहीने ते खोटे ठरवले. फ्रिजमध्ये सगळ्यात पुढच्या फळीवर काचेचा एक डबा आहे, उरलेले तिथेच, डोळ्यांसमोर. गुरुवारी आमच्यापैकी तिघांचा उपास असतो, म्हणून बुधवारी रात्री नवीन स्वयंपाक करायचा नाही, असेल ते संपवायचे. पोळ्यांचा मलिदा किंवा फोडणीचा कुस्करा, भाताचे वडे. आणि शिळे असेल ते आधी मी आणि मुलगा घेणार, बायका नंतर. ह्यावर सौ. अजून कुरकुरते. तिला पुरुषांना शिळे वाढणे पटत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे, जाईल हळूहळू, किंवा नाही जाणार. जे आंबले, विटले ते मात्र कुणीच खायचे नाही, असे आम्ही ठरवले. डॉक्टरचे बिल हाही खर्चच.

केळीचा घड ह्या वर्षीही आला. ह्या वेळी मी तो तळमजल्यावरच्या जिन्याजवळ बाकावर ठेवला. दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नातवाने पाटीवर लिहिले, "यावलची घरची केळी, घेऊन जा." संध्याकाळपर्यंत दांडा उरला. पुढच्या आठवड्यात त्याच बाकावर कुणीतरी कढीपत्ता ठेवला होता. मग लिंबे. थंडी पडल्यावर एका घरातून बामणोदची भरताची वांगी. शिजवलेले तिथे कुणी ठेवत नाही आणि ठेवूही नये असे मला वाटते. पण कच्चे फिरायला लागले. जिन्यात लोक थांबून बोलायला लागले, "आज काय आहे बाकावर?" वाटी परत आली नाही, बाक आला.

आता एक विषय मंदिराचा. नाव लिहीत नाही, कारण हे सगळीकडेच असेल. जयंतीच्या महाप्रसादाला गेली काही वर्षे आपण उभ्याने जेवायची पद्धत घेतली आहे. एकच ताट, त्यात लोक एकदाच सगळे वाढून घेतात, कारण पुन्हा रांगेत कोण लागणार. हात धुवायच्या नळाशेजारी मोठा पिंप. मी मागच्या वर्षी पाऊण तास त्या पिंपाजवळ उभा होतो, मुद्दाम. घरी दाणा न टाकणारी माणसे अर्धी जिलबी, अख्खी पुरी पिंपात सोडत होती, आणि पुढच्याने सोडली की मागचा न बघता सोडत होता. ग्रोनिंगेनची भिंतच ती. पंगतीत असे होत नसे, कारण शेजारी बसलेला बघत असे आणि वाढपी तीनदा फिरत असे. मी समितीत सुचवले की ह्या वर्षी वृद्ध आणि ज्यांना बसता येते त्यांची पंगत ठेवू, पहिले वाढप लहान, मागून हवे तेवढे, आणि पिंप नळापासून लांब. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "प्रसादाला मोजमाप लावायचं नसतं." दुसरे म्हणाले, पंगतीला वाढपी कुठून आणायचे, पोरे येत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निर्णय अजून व्हायचा आहे. वाढप्यांत माझे नाव मी लिहून दिले आहे, वय सहासष्ट, गुडघा उजवा दुखरा. मुलाचेही दिले आहे, त्याला अजून सांगितलेले नाही.

वही आता सूनबाई लिहिते. गेल्या महिन्याचा मेळ दोन किलो नव्वद ग्रॅम आला. त्यातली शेवटची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे: "मेथी, अर्धी जुडी. बाबांनी आणली. कारण: पिशवीत मावली म्हणे."

॥ श्री गुरुदेव दत्त ॥